अण्णांचा पडदा, बिडी आणि ती महागडी कॅप्सूल

सोलापुरातल्याच एका मुलाचा प्रश्न आहे. त्याचे अण्णा 68 वर्षांचे, उभी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेली, दिवसाला एक बंडल बिडी. हल्ली पेपर वाचताना मधली अक्षरं फिकट दिसतात. तपासणीत दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची वयोमानाने होणारी झीज निघाली, कोरड्या प्रकारची, मधल्या टप्प्यातली. कारण सांगितलं 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' आणि हातात अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल दिल्या. मुलगा विचारतो: ऑक्सिडेशनने बिघाड झाला असेल तर अँटिऑक्सिडंटने तो बरा का होत नाही? पेशीच म्हाताऱ्या झाल्या असतील तर औषधाचा उपयोग काय? आईला 12 वर्षांपासून शुगर आहे, तिलाही तीच कॅप्सूल सुरू करू का? आणि स्वतः 41 चा आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर असतो, तर त्यानेही घ्यावी का?

थेट उत्तर आधी देतो. अण्णांना ती कॅप्सूल लागू पडण्यासारखी आहे, पण तिच्यात नेमकं काय आहे ते पाहून. आईंना नाही. तुम्हाला तर नाहीच. आता याचं कारण सांगायला वेळ लागेल, कारण 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द आमच्या ओपीडीत जितक्या सहज वापरला जातो तितका तो सोपा नाही. ऐकणाऱ्याला वाटतं की बाहेरून काहीतरी विष आलं आणि त्यावर उतारा घेतला की झालं. तसं नसतं. हा ताण पडद्याच्या रोजच्या कामातूनच तयार होतो.

आपल्याकडच्या शेंगा चटणीचं उदाहरण घ्या. ताजी चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या फडताळात ठेवली तर बरेच दिवस टिकते. तीच उघड्या बरणीत खिडकीजवळ उन्हात ठेवली तर खवट होते. तेल, हवेतला ऑक्सिजन आणि उजेड हे तिघं एकत्र आले की तेल खवट होणारच. हेच ऑक्सिडेशन. आता डोळ्याच्या पडद्याकडे पाहा. उजेड टिपणाऱ्या पेशींच्या टोकाला चकत्यांची चळत असते आणि त्या चकत्यांच्या आवरणात डीएचए नावाचं ओमेगा-3 चरबीचं आम्ल ठासून भरलेलं असतं. शरीरातल्या सगळ्यात लवकर खवट होणाऱ्या चरबींपैकी ते एक. वजनाच्या मानाने पडदा मेंदूपेक्षाही जास्त ऑक्सिजन खातो, आणि त्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून रक्त धो-धो वाहत असतं. त्यात भर म्हणजे समोरची लेन्स सगळा उजेड नेमका मधल्या ठिकाणी, मॅक्युलावर एकवटते. थोडक्यात, चटणी उघडी आणि खिडकीत! ती 60-70 वर्षं खवट होत नाही हेच खरं आश्चर्य, आणि आम्ही आयुष्यभर शिकतो ते या आश्चर्यामागचं यंत्र.

ते यंत्र म्हणजे पडद्याच्या मागे एकेरी थरात बसलेल्या काळपट रंगाच्या पेशी, आमच्या भाषेत आरपीई. अण्णा जॉबर होते, त्यांना हे लगेच कळेल. माग चालवतो विणकर, पण धोटा अडकला, पट्टा सैल झाला, सुताची लव साचली की धावतो जॉबर, आणि एका जॉबरकडे अनेक माग असतात. मॅक्युलातल्या एका आरपीई पेशीकडे उजेड टिपणाऱ्या साधारण 30 ते 45 पेशींची देखभाल असते. या पेशी आपल्या चकत्यांपैकी जवळजवळ दहावा हिस्सा रोज टोकाकडून टाकून देतात आणि बुडाशी नव्या बनवतात, म्हणजे दहाएक दिवसांत सगळी चळत नवी होते. टाकलेल्या खवट चकत्या गिळून पचवायच्या हे आरपीईचं रोजचं काम. यातल्या अंधुक उजेडात पाहणाऱ्या रॉड पेशींचा मोठा हप्ता सकाळी उजाडल्यावर येतो. सकाळच्या पाळीला सगळ्यात जास्त कचरा, असं म्हणा.

खरी मेख पुढे आहे. कारखान्यात जॉबर निवृत्त झाला तर दुसरा ठेवता येतो. आरपीई पेशी मोठेपणी सहसा विभागत नाहीत. जन्मतः मिळालेल्या याच पेशी आयुष्यभर पुरवायच्या. एक मेली की शेजारच्या पेशी पसरून तिची जागा झाकतात आणि तिचे 'माग'ही त्यांच्याच गळ्यात पडतात.

पचवताना थोडा अंश पचत नाही, तो पेशीच्या आत पिवळट-तपकिरी गाळासारखा साचतो. त्याला लायपोफ्युसिन म्हणतात. ऐंशीच्या घरात आरपीई पेशीच्या जागेचा जवळपास पाचवा हिस्सा या गाळाने व्यापलेला आढळतो. हा गाळ निळ्या उजेडात चमकतो. म्हणूनच ऑटोफ्लुरोसन्सचा फोटो काढल्यावर आम्हाला थकलेल्या पेशी उजळ आणि मेलेल्या पेशींची जागा काळी दिसते. पण तो नुसता पडून राहत नाही. त्याच्यावर उजेड पडला की त्यातूनच नवे फ्री रॅडिकल (शेजारच्या रेणूंचं ऑक्सिडेशन करणारे अस्थिर रेणू) तयार होतात, म्हणजे कचऱ्याच्या ढिगातच ठिणगी. शिवाय पेशीच्या खालचा पातळ पापुद्रा, ज्यातून रक्ताकडून अन्न येतं आणि टाकाऊ माल परत जातो, तोही वयाबरोबर जाड आणि तेलकट होतो. गटार तुंबलं की पाणी अंगणात येतं. तसा हा माल पेशींच्या खाली ढेकळांसारखा साठतो. अण्णांच्या रिपोर्टमध्ये 'ड्रुसेन' हा शब्द असेल, तो हाच.

आता 'पेशी म्हातारी होते' म्हणजे काय ते पाहू. वार्धक्याचा फ्री रॅडिकल सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडला. 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी ठरावीक वेळा, 50 च्या आसपास, विभागून थांबतात. पण जी पेशी विभागतच नाही तिला हा हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. तिचं म्हातारपण वेगळ्या वाटेने येतं. पेशीतल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, काम करताना थोडी गळती करतात. या गळतीतूनच बहुतेक फ्री रॅडिकल येतात. मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए तिथेच उघड्यावर असल्यामुळे पहिला मार त्यालाच बसतो. डीएनए बिघडला की भट्टी आणखी गळते. तरुण पेशीत फुटकी भट्टी मोडून टाकणारी यंत्रणा असते, आणि ताण वाढला की स्वतःची अँटिऑक्सिडंट द्रव्यं वाढवणारी बटणंही असतात. वयाबरोबर ही दोन्ही मंदावतात.

एका मर्यादेनंतर पेशी मरत नाही, पण कामही धड करत नाही, आणि गप्पही बसत नाही. सूज वाढवणारी रसायनं आजूबाजूला सोडत राहते. माझा एक शिक्षक म्हणायचा, 'घरातलं काम बंद, पण कटकट चालू.' (तो स्वतः 74 व्या वर्षापर्यंत शस्त्रक्रिया करत होता, म्हणून त्याला हे बोलायचा अधिकार होता.) या कटकटीने शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते. इथे जन्मजात फरक पडतो. त्या यंत्रणेला लगाम घालणाऱ्या 'काँप्लिमेंट फॅक्टर एच' या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल आणि हा आजार यांचं घट्ट नातं 2005 मध्ये उघड झालं. ज्याचा लगाम जन्मतःच ढिला, त्याच्या पडद्यात तेवढ्याच कचऱ्यावर जास्त सूज. एकाच कारखान्यात, एकाच बंडलातली बिडी ओढणाऱ्या दोघांपैकी एकाचाच पडदा का झिजतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. म्हणून 'आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत बिडी ओढली, त्यांना काही झालं नाही' हा युक्तिवाद माझ्यापुढे कृपा करून करू नका. आठवड्यातून दोनदा ऐकतो.

बिडीवर थोडं थांबतो, कारण अण्णांच्या बाबतीत बदलता येण्यासारखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वय बदलता येत नाही, जनुकं बदलता येत नाहीत. धूम्रपान करणाऱ्याला हा आजार होण्याचा धोका न करणाऱ्यापेक्षा दोन ते चार पट असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एकेका झुरक्यात अब्जावधी फ्री रॅडिकल असतात. धुरामुळे रक्तातलं क जीवनसत्त्व घटतं, मॅक्युलाला गॉगलसारखं झाकणारं पिवळं रंगद्रव्यही कमी होतं, आणि रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे कचरा वाढतो, झाडू कमी होतात आणि गटारही अरुंद होतं. 'बिडी पानाची असते, सिगारेटपेक्षा बरी' असं इथे सर्रास म्हणतात. ज्या गावात घरोघरी आयाबहिणींनी बिड्या वळून मुलं शिकवली तिथे हे बोलणं मलाही जड जातं, पण बिडीला फिल्टर नसतो, ती विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि खोल घ्यावे लागतात. बरी-बिरी काही नाही. सोडल्यानंतर धोका हळूहळू उतरतो, म्हणून 68 व्या वर्षीही सोडण्यात अर्थ आहे. कॅप्सूल चालू आणि बिडीही चालू, हे म्हणजे एका हाताने झाडायचं आणि दुसऱ्या हाताने लव उडवायची.

आता कॅप्सूल. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या 'एरेड्स' या अभ्यासाचा निष्कर्ष 2001 मध्ये आला. क जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व 400 युनिट, बीटा कॅरोटीन 15 मिलिग्रॅम, झिंक 80 आणि तांबं 2 मिलिग्रॅम असा मोठा डोस होता. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यात होता किंवा एका डोळ्यात पुढे गेला होता, त्यांच्यात पाच वर्षांत तो शेवटच्या टप्प्यात जाण्याचं प्रमाण औषध नसलेल्या साध्या गोळीवर 28 टक्के होतं, या मिश्रणावर 20 टक्के. म्हणजे 100 जणांनी पाच वर्षं रोज घेतली तर साधारण आठ जणांचा फायदा. हा फायदा खरा आहे, मी लिहून देतो. पण ज्यांना आजार नाही किंवा अगदी सुरुवात आहे त्यांच्यात तो दिसला नाही. आणि कोणाचीही गेलेली नजर परत आली नाही. खवट झालेल्या चटणीत ताजं तेल ओतून ती ताजी होत नाही. फार तर उरलेली खवट होण्याचा वेग कमी होतो.

अण्णांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बीटा कॅरोटीन. 1994 मध्ये फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. फुफ्फुसाचा कर्करोग टाळावा म्हणून बीटा कॅरोटीन दिलं, आणि घेणाऱ्यांत तो 18 टक्क्यांनी वाढला. अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, ही समजूत त्या दिवशी मोडायला हवी होती, पण जाहिराती अजून चालू आहेत. म्हणून 2013 च्या दुसऱ्या एरेड्स अभ्यासात त्याच्या जागी मॅक्युलाच्या पिवळ्या रंगद्रव्यातलेच घटक, ल्युटीन 10 आणि झियाझँथिन 2 मिलिग्रॅम, घालून पाहिले. फायदा टिकला, कर्करोगाची भीती गेली. ओमेगा-3 च्या गोळ्यांनी मात्र काही भर पडली नाही. तेव्हा घरी गेल्यावर बाटली उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटा कॅरोटीन असेल तर अण्णांना ती देऊ नका, बिडी सोडली असली तरीही. ते नसेल, आणि ल्युटीन, झिंक, क आणि ई यांची मात्रा वर दिलेल्याच्या जवळपास असेल, तर चालेल. आपल्याकडे 'डोळ्यांचं टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत पंधरा-वीस द्रव्यांची नावं असतात आणि प्रत्येकाची मात्रा चिमूटभर. किंमत मात्र चिमूटभर नसते. लघवीचा त्रास किंवा किडनी स्टोन असेल तर आधी फिजिशियनला दाखवा, कारण एवढं झिंक आणि एवढं क जीवनसत्त्व सगळ्यांना सोसत नाही.

आणखी एक इशारा, कारण एका घरातली बाटली शेजारच्या घरी जाते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होतात, त्यामुळे रातांधळेपणाने सुरू होणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक आजार मी बराच पाहतो. त्यातही ऑक्सिजनचा हात आहे. आधी रॉड पेशी जनुकाच्या दोषाने मरतात. खाणारे गेले तरी मागून येणारा ऑक्सिजन तेवढाच राहतो, आणि त्या जादा ऑक्सिजनच्या माऱ्याने भर उजेडात रंग आणि बारकावे पाहणाऱ्या निर्दोष कोन पेशीही पुढे मरतात. ऐकून वाटेल की हीच कॅप्सूल त्यांनाही द्यावी. पण 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या याच 400 युनिटच्या डोसवर या रुग्णांचा पडदा अधिक वेगाने मंदावलेला दिसला. म्हणून सांगतो, 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द दोन्ही आजारांत असला तरी औषध एक होत नाही.

आईंचा आजार तिसराच. मधुमेहात वय नव्हे, साखर भट्टी पेटवते. स्नायूच्या पेशी जादा साखर दाराबाहेर अडवू शकतात. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ते जमत नाही. रक्तात जेवढी साखर तेवढी आत. मायटोकाँड्रियावर इंधनाचा पूर येतो आणि फ्री रॅडिकलची गळती वाढते. मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये मांडलं की मधुमेहात रक्तवाहिन्या बिघडवणाऱ्या चार वेगवेगळ्या वाटा या एकाच गळतीतून फुटतात. त्याच अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी इथे उपयोग व्हायला हवा होता, पण तसा ठोस पुरावा हाती आलेला नाही. गळती नळाशी बंद करावी लागते, खाली बादल्या लावून भागत नाही.

नळ म्हणजे साखर आणि बीपी. टाइप वन मधुमेहींवरच्या 'डीसीसीटी' चाचणीत, जिचा निकाल 1993 मध्ये आला, ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्याने पडद्याच्या आजाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला. त्याहून बोलकी गोष्ट पुढे घडली. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, जवळजवळ सारखी झाली, तरी आधी काटेकोर असलेल्यांचे डोळे पुढची कित्येक वर्षं सरस राहिले. पेशी जुनी साखर विसरत नाही. ऑक्सिडेशनने झालेल्या काही खुणा डीएनएच्या वापरावर कायमच्या बसतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. म्हणून 'सध्या शुगर नॉर्मल आहे' म्हणून पडदा न तपासता राहणं बरोबर नाही.

तुमच्यासाठी दोन ओळी पुरे. स्क्रीनचा निळा उजेड आकाशाच्या मानाने नगण्य असतो. त्याने पडदा झिजतो असा पुरावा नाही. डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी मिटल्यामुळे. निळ्या फिल्टरच्या चष्म्याचे पैसे वाचवा. एप्रिल-मेच्या उन्हात टोपी आणि चांगला गॉगल लावा. ल्युटीन पालक, मेथी, शेवग्याचा पाला, अंड्याचा पिवळा बलक यांत भरपूर असतं, आणि ते चरबीत विरघळतं, म्हणून पालेभाजी तेलाच्या फोडणीची हवी. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वर शेंगा चटणी, हे ताट बदलायची गरज नाही. चटणी ताजी असू द्या.

'पेशी म्हाताऱ्या झाल्यावर औषधाचा उपयोग काय' हा प्रश्न राहिला. मेलेली आरपीई परत आणणारं औषध आज नाही. कोरड्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी अमेरिकेत 2023 मध्ये दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली. दोन्ही मघाशी सांगितलेल्या काँप्लिमेंट यंत्रणेला आवर घालतात. झीज पसरण्याचा वेग कमी होतो, नजर सुधारत नाही. अण्णा अजून त्या टप्प्यात नाहीत. म्हाताऱ्या पेशीच निवडून काढणाऱ्या औषधांवर काम चालू आहे, पण त्या आशेवर कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मात्र एका गोष्टीला औषध आहे आणि तिथे वेळ गमवायची नाही. थकलेल्या पेशी ऑक्सिजनसाठी हाका मारतात, ती हाक म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. ते वाढलं की मागून कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात, आणि कोरडा आजार ओला होतो. ही हाक बंद करणारी इंजेक्शनं 2006 पासून रुळली आहेत आणि लवकर दिली तर वाचता येणारी नजर टिकते. उशीर झाला तर पडद्यावर वण पडतो, मग काही होत नाही. तेव्हा अण्णांना रोज सकाळी चष्मा लावून एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या रेघांकडे बघायला सांगा. सरळ गज वाकडा दिसला, मध्ये डाग आला, तर आठवड्याभरात दाखवा, गड्ड्याची जत्रा संपल्यावर नव्हे. मागच्या जानेवारीत एक गृहस्थ असेच 'जत्रा होऊ दे' म्हणून तीन आठवडे थांबले होते. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे त्यांना फरक जाणवलाच नव्हता.

आईंच्या पडद्याची तपासणी 12 वर्षांत झाली आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर अण्णांच्या आधी त्यांना आणा. बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात, त्यानंतर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. सकाळी लवकरची वेळ घ्या, सोबत गॉगल ठेवा, आणि त्यांना रिक्षाने एकट्या घरी पाठवू नका.